पाळकसाहेबांचा अहवाल आणि तुमची सही

पत्र थोडक्यात: एका तालुक्याच्या गावातल्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) खजिनदार ताईंनी लिहिलं आहे. त्या शाळेत शिक्षिका आहेत. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला आहे. विश्वस्तांमध्ये पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू), त्यांच्या पत्नी पाळकीणबाई, पाळकसाहेबांचे मेहुणे, दोन वडीलजन (मंडळीचे पुढारी) आणि या ताई. मंडळी बायकांसाठी शिवणवर्ग चालवते आणि त्यासाठी मुंबई-पुण्याकडच्या काही मंडळ्या व दाते पैसे पाठवतात. यंदाचा अहवाल सहीसाठी हातात आला तेव्हा ताईंना दिसलं की वर्गात ११ बायका असताना अहवालात ४५ लिहिल्या आहेत. शेवटच्या पानावर मंडळीतल्याच एका विधवा बाईचा फोटो आणि खाली तिची साक्ष: नवरा दारू पिऊन मारायचा, प्रार्थनेने त्याची दारू सुटली, आता दोघं मिळून प्रभूची सेवा करतात. प्रत्यक्षात तो माणूस वारून बरीच वर्षं झाली, आणि दारूला त्याने कधी हातही लावला नव्हता. आपला फोटो असा छापला जातो आहे हे त्या बाईला माहीतही नाही. ताईंनी चाचरत विचारलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "अगं, विश्वासाने लिहिलंय. आकडा मोठा दिसला की मदत मोठी येते, आणि मदत शेवटी आपल्याच लेकरांसाठी." ताईंचं लग्न याच पाळकसाहेबांनी लावलं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ते रात्ररात्र दवाखान्यात बसले. घरी यजमान म्हणतात, देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाविरुद्ध, बोलू नये, सही कर आणि गप्प बस. ताई विचारतात: "बोलले तर मंडळी फुटेल आणि बाहेरच्यांना आयतं कोलीत मिळेल. नाही बोलले तर प्रभुभोजनाला हात पुढे होत नाही. खजिनदारपद सोडून मोकळी होऊ का?"

प्रिय ताई,

जय ख्रिस्त.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. पाळकसाहेबांचं नाव, मंडळीची एकी, शिवणवर्गाचं भवितव्य, बाहेरच्या जगात ख्रिस्ती लोकांची अब्रू, हे सगळं तुम्ही एकटीने डोक्यावर घेतलं आहे. पण समोरचा कागद तुम्हाला एवढंच विचारतो आहे, की यात लिहिलेलं तुमच्या माहितीप्रमाणे खरं आहे का? ते खरं नाही. मग आहे त्या रूपात त्यावर सही करू नका. एवढ्याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही. पाळकसाहेबांचं पुढे काय व्हावं याचा निकाल तुमच्याकडे कुणी मागितलेला नाही. तुमच्या हाती तुमची सही आहे, आणि ती छोटी गोष्ट नाही. त्या सहीवर भरवसा ठेवूनच दूरचा एखादा दाता आपल्या पगारातले पैसे काढून देतो.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे येते. ते मनापासून बोलत आहेत आणि आपल्या मंडळ्यांतून हे वचन इतक्या वेळा ऐकवलं जातं की त्यांना दोष देता येणार नाही. पण शक्य झालं तर दोघं मिळून १ शमुवेलचा २४वा अध्याय पूर्ण वाचा. एन-गेदीच्या गुहेत, दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा त्याच्याच हाती सापडतो. दावीद त्याला मारत नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त आहे. बहुतेक वेळा गोष्ट इथेच थांबवली जाते. पुढे मात्र दावीद गुहेबाहेर येतो, शौलाला मागून हाक मारतो, साष्टांग नमस्कार घालतो, "माझ्या बापा" म्हणतो, आणि कापून घेतलेला झग्याचा काठ हातात धरून दोन्हीकडच्या माणसांदेखत सांगतो की तू माझ्याशी अन्यायाने वागतो आहेस. अभिषिक्तावर हात टाकायचा नाही म्हणजे त्याच्या जिवावर उठायचं नाही, त्याचा सूड घ्यायचा नाही. खरं बोलायचं नाही असा त्याचा अर्थ त्या अध्यायात कुठेच निघत नाही. नाथान संदेष्टा तर पुढे याच दाविदासमोर, तो राजा असताना, त्याचं पाप त्याला सांगायला उभा राहिला. शौलापुढच्या प्रसंगात आदर आहे, पुरावा आहे आणि स्पष्ट बोलणं आहे. तिन्ही एकत्र असू शकतात, आणि तुम्हालाही तेच करायचं आहे.

पाळकसाहेबांबद्दल मनात उठलेल्या वादळाविषयीही थोडं बोलू या. दवाखान्यात रात्र काढणारा माणूस खरा की खोटा अहवाल लिहिणारा, असं तुम्ही स्वतःला विचारत असाल. मला वाटतं, दोन्ही तेच आहेत. आपल्याकडच्या छोट्या मंडळ्यांचे पाळक कसे जगतात हे तुम्ही हिशेब ठेवता म्हणून तुम्हाला ठाऊकच असेल. पगार ठरलेला नसतो. अर्पण आलं तर घर चालतं. मुलांच्या फीसाठी कुणाकडे शब्द टाकावा लागतो. त्यात मदत देणारे दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, यंदा किती? किती बायका शिकल्या, किती कुटुंबं आली, किती बाप्तिस्मे झाले? ११ बायकांनी नीट शिवण शिकणं ही बातमी कुणाला पुरेशी वाटत नाही, असा त्यांचा अनुभव असणार. पहिल्या वर्षी ११चे १५ होतात. कुणी विचारत नाही. मग पुढे आकडा आपोआप वाढत राहतो. एखादं खोटं जिथून सुरू झालं ती जागा समजली म्हणजे ते माफ होत नाही, पण समोरच्याशी बोलताना आपला आवाज बदलतो. आणि हे वाचणाऱ्यांत कुणी दाते असतील तर त्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे: आकडे मागण्याआधी एकदा त्या गावी जा, वर्गात बसा, पाळकाला महिना किती मिळतो ते विचारा.

तुमच्या पत्रात आकड्याची गोष्ट आधी आली आहे आणि फोटोची नंतर. माझ्या मते क्रम उलटा हवा. ४५ हा आकडा पुढच्या पानावर दुरुस्त करता येतो. त्या बाईचं काय? तिने संसार केला, नवरा गमावला, एकटीने दिवस काढले. तिच्या सुखदुःखाची जी खरी कहाणी आहे ती कुणी तिला विचारली नाही, आणि तिचा चेहरा एका बनावट कहाणीवर चिकटवला. ज्या माणसाने कधी दारू घेतली नाही, तो मेल्यावर दारुडा आणि बायकोला मारणारा ठरला. त्याला उत्तर द्यायला तोंड नाही. उद्या तिच्या मुलाच्या मोबाइलवर तो अहवाल आला, तर? 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा आपण संडेस्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतो. इथे ती देवाच्या गौरवाचं कारण सांगून मोडली गेली, म्हणून मला जास्त वेदना होतात. देवाला मोठं दाखवायला गरीब बाईच्या नवऱ्याची अब्रू लागत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतला ५वा अध्याय तुम्हाला माहीत आहेच. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले. पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे थोडे पैसे ठेवून घेतले हा त्यांचा दोष नव्हता. काही भाग देऊन सगळं दिल्याचा देखावा केला, तो दोष होता. आपल्या मंडळ्यांत पैशाच्या अफरातफरीवर निदान कुजबुज तरी होते. देखाव्याकडे मात्र आपण कौतुकाने बघतो: मोठ्या सभेची फुगवलेली गर्दी, न झालेले आजार बरे होण्याचे चमत्कार, कुठल्याशा न ऐकलेल्या संस्थेकडून मिळवून नावापुढे लावलेलं 'डॉक्टर'. १९४८ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांचे तीन सहकारी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बसले होते. फिरते सुवार्तिक कशामुळे घसरतात, याची यादी प्रत्येकाने आपापली करायची असं ठरलं. चौघांच्या याद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. पैसा, स्त्रियांशी वागणूक, स्थानिक मंडळ्यांवर टीका, आणि चौथं, आकडे व प्रसिद्धी फुगवणं. पैशाच्या आणि व्यभिचाराच्या मोहाशेजारी त्यांनी फुगवलेला आकडा ठेवला, हे लक्षात घ्या. ज्यांच्या सभांना खरोखर लाखो लोक येणार होते, त्यांनाही या मोहाचं भय वाटलं.

आता कोलीत. तुमची भीती खोटी नाही. आजच्या दिवसांत एखाद्या घरात प्रार्थना झाली तरी दारात चौकशी येते, हे आपण सगळे पाहतो आहोत. पण नीट विचार करा, कोलीत नक्की कोण तयार करतं आहे? ४५ बायका, इतकी कुटुंबं, इतकी जीवनं बदलली, असं छापलेला कागद तुमच्याच सहीने गावोगाव जाणार. उद्या कुणी तोच कागद समोर ठेवून विचारलं, या ४५ जणी कोण, नावं द्या, त्यांना काय देऊन आणलंत? तेव्हा "साहेब, त्या ११च आहेत, बाकी आम्ही वाढवून लिहिलं" असं सांगावं लागेल आणि त्यावर कोण विश्वास ठेवील? जे खरं आहे ते विरोधकासमोरही त्याच शब्दांत सांगता येतं. १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेवरून, केवढं वादळ उठलं होतं. तिथे मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा आरोप होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे लपवायचं काही नव्हतं. आपण आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करतो, कुणाला बोलावत नाही आणि येणाऱ्याला अडवत नाही, हे त्या उघड सांगत होत्या. मतभेद ज्यांना होते त्यांना राहिले, पण रमाबाईंना आपलं म्हणणं बदलावं लागलं नाही.

आणि गप्प राहून नेत्याला जपता येतं, ही समजूतही तपासून बघा. मद्रासमध्ये जन्मलेले रवी झकरायस हे जगभर ऐकले जाणारे ख्रिस्ती वक्ते. २०१७ मध्ये एका स्त्रीने त्यांच्या वर्तनाबद्दल तक्रार केली तेव्हा संस्थेने त्यांची बाजू घेतली. २०२०च्या मे महिन्यात ते वारले. २०२१च्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि अनेक स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन त्यात सिद्ध झालं. तुमच्या पाळकसाहेबांची गोष्ट त्या जातीची मुळीच नाही, हे मी स्पष्ट सांगते. एवढंच दाखवायचं होतं की माणूस जिवंत असताना, पश्चात्ताप करायला वेळ असताना, जवळचं कुणी खरं बोललं तर ती त्याच्यावरची दयाच असते. त्या संस्थेतल्या माणसांना ती संधी पुन्हा मिळाली नाही.

पुढचं पाऊल टाकण्याआधी एक काम करा, आणि ते शांतपणे करा. आकडा फुगवणं आणि पैसे खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला पहिली दिसली आहे. दुसरी दिसली आहे असं तुमच्या पत्रात कुठेही नाही, म्हणून मनातही ती जोडू नका. वर्गाची हजेरीवही, शिलाई मशीनच्या पावत्या, शिकवणाऱ्या बाईंचं मानधन आणि बँकेचं पासबुक एकासमोर एक ठेवा. दात्यांनी दर बाईमागे रक्कम दिली असेल, तर उरलेल्या ३४ जणींच्या नावाने आलेले पैसे कुठे गेले हे सापडलं पाहिजे. कदाचित ते पाळकसाहेबांच्या घरखर्चात गेले असतील, कदाचित मंडळीच्या छपराच्या पत्र्यात गेले असतील. कुठेही गेले तरी ज्या कारणासाठी मागितले त्यासाठी ते वापरले नाहीत, आणि खोटी माहिती देऊन पैसे मिळवणं कायद्याने फसवणूक ठरू शकतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली तुमचा ट्रस्ट नोंदलेला आहे. हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जातो आणि त्याची जबाबदारी पाळकसाहेबांइतकीच तुमचीही आहे. यजमानांना हेही सांगा. त्यांना तुमची काळजी आहे, मग ही बाजूही त्यांना कळायला हवी.

परदेशातून पैसे येत असतील तर आणखी जपून. अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ती परकीय देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड) असूनही ती परकीय देणगीच, आणि २०१०च्या परकीय देणगी कायद्याची नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय ट्रस्टला ती घेता येत नाही. 'आपलाच माणूस आहे' म्हणून पाळकांच्या वैयक्तिक खात्यात मंडळीचे पैसे मागवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती ताबडतोब थांबवायला हवी.

मग पाळकसाहेबांना भेटा. एकटीने, पण रात्री-अपरात्री नको आणि उपासनेनंतरच्या गडबडीतही नको. पाळकीणबाई घरात असतील अशा वेळी त्यांच्या घरी जा. मत्तयाच्या १८व्या अध्यायातली पहिली पायरी हीच आहे, तुझा आणि त्याचा एकांत. सुरुवात वडिलांच्या आजारपणातल्या त्या रात्रींपासून केली तरी चालेल, कारण ते ऋण खरं आहे. मग साधं सांगा: "पाळकसाहेब, हजेरीत ११ नावं आहेत, म्हणून ४५वर मला सही करता येणार नाही. आणि त्या ताईंचा फोटो आपण काढून टाकू या. तुम्ही म्हणाल तर खरा अहवाल मी बसून लिहिते." उपदेश करू नका, वचनं ऐकवू नका, ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. शेवटचं वाक्य मात्र जरूर म्हणा, कारण त्यांना माघार घ्यायला वाट मिळाली पाहिजे. तुम्ही शिक्षिका आहात. ११ बायकांतल्या कोण कुठून चालत येते, कुणी घरी मशीन घेतली, कुणी मध्येच वर्ग सोडला आणि का, हे लिहिलंत तर दोन पानं सहज होतील. वर्ग सोडणाऱ्यांबद्दलही लिहा. जो दाता असं वाचून मदत कमी करील, त्याच्या पैशावर वर्ग उभा ठेवणं तसंही धोक्याचंच होतं.

आधी गेलेल्या अहवालांचं काय, हा प्रश्न त्याच बैठकीत काढू नका. पण सोडूनही देऊ नका. यंदाच्या अहवालात एक ओळ जावी की मागच्या वर्षांचे आकडे चुकीचे होते आणि हे दुरुस्त आकडे आहेत. त्या ओळीसाठी पाळकसाहेबांना वेळ लागेल. त्यांना तो द्या.

ते रागावले, किंवा ऐकून घेऊन तुम्हाला वगळून दुसऱ्याची सही घेऊ लागले, तर दोन्ही वडीलजनांना हजेरीवही आणि अहवाल दाखवा. पौल तीमथ्याला सांगतो की मंडळीच्या वडीलजनांवरचा आरोप दोघातिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नये, आणि त्याच्या लगेच पुढे सांगतो की जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष दे. पहिलं वाक्य पाळकाचं संरक्षण आहे, दुसरं मंडळीचं. ट्रस्टच्या बैठकीत हा विषय लेखी ठेवा आणि तुमचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवून घ्या. मेहुणे आणि पाळकीणबाई मिळून बहुमत होत असेल तरीही नोंद व्हायलाच हवी. दात्यांनी तुम्हाला थेट विचारलं तर खरं सांगा. धर्मादाय कार्यालयाकडे जाणं ही शेवटची पायरी, आणि ती पैशाचा घोळ सापडला तर. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये हे पौलाचं वचन इथे तुम्हाला कुणीतरी ऐकवील. ते आपसांतल्या वादाबद्दल आहे. दात्यांनी विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा हिशेब कायद्याने देणं हा आपसांतला वाद नव्हे.

निनावी पत्र लिहू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर अहवालाचे फोटो टाकू नका, कितीही संताप आला तरी. त्यातून गट पडतात आणि त्या विधवा बाईची कहाणी आणखी शंभर मोबाइलवर जाते. तिला मात्र तुम्ही स्वतः भेटून सांगायला हवं, पाळकसाहेबांशी बोलल्यावर लगेच. तिची माफी मागायला पाळकसाहेब बरोबर आले तर फार चांगलं.

राजीनाम्याबद्दल. आज दिलात तर तुम्ही सुटाल, अहवाल मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने जसाच्या तसा जाईल, आणि ती सही कदाचित हिशेब न कळणाऱ्या एखाद्या भोळ्या माणसाची असेल. म्हणून आज नको. सगळे मार्ग संपले आणि खोट्यावरच सही करण्याचा आग्रह राहिला, तर जरूर सोडा, पण 'घरगुती कारणास्तव' असं न लिहिता खरं कारण लिहा, पोच घ्या, आणि विश्वस्त बदलल्याचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला का ते बघा. नाहीतर कागदोपत्री तुम्ही विश्वस्तच राहाल.

इतर मंडळ्यांतल्या खजिनदारांनाही यात घेण्यासारखं थोडं आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. बरोबर तीत होता आणि मंडळ्यांनी स्वतः निवडलेला आणखी एक भाऊ होता, कारण एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट ठेवू नये याची त्याला काळजी होती. २ करिंथच्या ८व्या अध्यायात त्याने ते मोकळेपणाने लिहिलं आहे. पौलाला जे अपमानाचं वाटलं नाही ते आपल्या पाळकांना वाटायचं कारण नाही. रविवारचं अर्पण नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, तिथेच वहीत सह्या कराव्यात आणि पुढच्या रविवारी रक्कम वाचून दाखवावी. चेकवर नवरा-बायकोच्या दोन सह्या म्हणजे खरं तर एकच सही. पाळकाचा पगार कमिटीने ठरवून, लिहून, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्यावा. या कलमाकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. तुमच्या मंडळीत बदल करायचा असेल तर मी इथूनच सुरुवात करीन, कारण पाळकाच्या घरात पुढच्या महिन्याचं धान्य आहे की नाही यावर अहवालातला आकडा अवलंबून असू नये. आणि कुणाचीही साक्ष छापण्याआधी ती त्या माणसाला मराठीत वाचून दाखवावी, फोटोला होकार घ्यावा. अहवाल इंग्रजीत जाणार असेल तर हे आणखीच गरजेचं, कारण आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते त्या माणसाला वाचताही येत नाही.

प्रभुभोजनाला हात पुढे होत नाही असं तुम्ही लिहिलं आहे. तुम्ही अजून सही केलेली नाही. जे खोटं तुम्ही लिहिलं नाही आणि ज्यावर सही करायला तुमचा हात अडला, त्याच्यासाठी स्वतःला मेजापासून दूर ठेवू नका. येत्या रविवारी जा, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी हजेरीवही पिशवीत घालून पाळकसाहेबांकडेही जा. यजमान सोबत येतो म्हणाले तर त्यांना पाळकीणबाईंजवळ बसू द्या, बोलणं मात्र तुम्हीच करा.

तुमची,
ताई